कॅशलेस रुग्णालयांची यादी कशी घडली

पॉलिसी घेताना आपण विम्याची रक्कम पाहतो, हप्ता पाहतो. कॅशलेस म्हणजे बिल स्वतः न भरता, थेट विमा कंपनीकडून भागवून, जिथे उपचार मिळतात त्या रुग्णालयांची यादी मात्र बहुतेक जण दाखल व्हायची वेळ आल्यावरच उघडतात. त्या यादीत कोण असावे आणि कोणत्या दराने, यावरून विमा कंपन्या आणि रुग्णालये यांच्यात अनेक वर्षे ओढाताण चालू आहे.

१९८६ मध्ये सरकारी क्षेत्रातील चार सर्वसाधारण विमा कंपन्यांनी मेडिक्लेम ही आरोग्य विमा पॉलिसी आणली, तेव्हा कॅशलेस हा प्रकार नव्हता. रुग्णाने आधी सगळे बिल भरायचे, डिस्चार्ज कार्ड, औषधांच्या पावत्या आणि तपासण्यांचे अहवाल जोडून क्लेम टाकायचा, मग वाट पाहायची. विमा असूनही ऐन वेळी पैसे उभे करण्याची धावपळ चुकत नसे.

१९९९ च्या कायद्याने विमा नियामक प्राधिकरण स्थापन झाले आणि २००१ मध्ये टीपीएंसाठी (थर्ड पार्टी ॲडमिनिस्ट्रेटर) नियम आले. टीपीए हा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातला परवानाधारक दुवा. ओळखपत्र देणे, रुग्णालयांशी करार करणे, दाखल होताना पूर्वमंजुरी देणे आणि शेवटी बिल तपासणे ही कामे त्याच्याकडे आली. सुरुवातीला करार केलेल्या रुग्णालयांचे जाळे वाढवण्यावर भर होता, कारण यादी जितकी लांब तितकी पॉलिसी विकायला सोपी. दर बव्हंशी रुग्णालये सांगतील ते.

याची किंमत २०१० मध्ये वसूल झाली, तीही रुग्णांकडून. त्या जुलैत सरकारी विमा कंपन्यांनी मुंबई, दिल्ली, चेन्नई आणि बंगळूरु येथे कॅशलेससाठी 'पीपीएन' म्हणजे पसंतीच्या रुग्णालयांची नवी, आखूड यादी लागू केली. ठराविक शस्त्रक्रियांचे पॅकेज दर, म्हणजे आधीच ठरलेले एकरकमी दर, मान्य करील तेच रुग्णालय आत. अनेक नामांकित खासगी रुग्णालये एका फटक्यात बाहेर पडली. विमा आहे म्हटले की त्याच शस्त्रक्रियेचे बिल फुगते आणि क्लेमपोटी जाणारा पैसा हप्त्यांतून येणाऱ्या पैशापेक्षा जास्त होतो, असे कंपन्यांचे म्हणणे होते. देऊ केलेल्या दरात दर्जेदार उपचार परवडत नाहीत, असे रुग्णालयांचे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. पण वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेल्या माणसाला कोणीही न विचारता त्याची यादी मध्येच बदलली, हे मला आजही अन्यायाचे वाटते.

त्यानंतर नियम घट्ट होत गेले. २०१३ च्या आरोग्य विमा नियमावलीने जाळ्यातील रुग्णालयांशी करायच्या करारांना चौकट दिली. पुढे 'रोहिणी' या नोंदवहीतून रुग्णालयांना स्वतंत्र ओळख क्रमांक मिळू लागले, म्हणजे एकच रुग्णालय प्रत्येक कंपनीकडे वेगळ्या नावाने दिसणे थांबावे. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आली आणि पॅकेज दरांची पद्धत देशभर पोहोचली.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. विमा नियामकाचा अधिकार विमा कंपन्या आणि टीपीए यांच्यावर चालतो. खासगी रुग्णालयाने किती दर लावावा हे तो ठरवू शकत नाही. त्यामुळे दर ठरतात करारातून, आणि करार फिसकटला की रुग्णालय यादीतून जाते. या करारावर सह्या असतात कंपनी, रुग्णालय आणि असल्यास टीपीएच्या. ज्याच्या खिशावर परिणाम होतो त्या विमाधारकाची सही कुठेच नसते.

२०२४ मध्ये दोन मोठे बदल झाले. जानेवारीत जनरल इन्शुरन्स कौन्सिल या सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या संस्थेने 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' जाहीर केले. ठरवून करायच्या उपचारांची सूचना ४८ तास आधी किंवा तातडीने दाखल झाल्यावर ४८ तासांत दिली, तर यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. मे महिन्यात नियामकाने कंपन्यांना पूर्वमंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत देण्यास सांगितले. उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने सोसायची. दिवसभर डिस्चार्जसाठी ताटकळलेल्यांना या तरतुदीचे मोल कळेल.

'एव्हरीव्हेअर'ला मात्र दोन मर्यादा आहेत. ते किमान १५ खाटांच्या रुग्णालयांसाठी आहे, आणि तालुक्याच्या गावातली डॉक्टरांनी स्वतः चालवलेली कितीतरी नर्सिंग होम्स त्याहून लहान असतात. शिवाय कंपनीशी करार नसलेल्या रुग्णालयाची त्या उपचारापुरती तयारी असावी लागते. ते नाही म्हणाले, तर आजही रुग्णाला आधी स्वतः बिल भरून नंतर क्लेम टाकावा लागतो.