नागरी परिसंस्था

नागरी परिसंस्था : माणसे, इतर सजीव, माती, पाणी व बांधकामे यांच्यात पदार्थ आणि ऊर्जेची देवाणघेवाण होणारी परिसंस्था म्हणून शहराचा, विशेषतः त्याच्या भवितव्याचा, विचार करण्याची संकल्पना.

‘परिसंस्था’ ही संज्ञा ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली यांनी १९३५ मध्ये छापील स्वरूपात आणली. शब्द त्यांना ए. आर. क्लॅपम यांनी सुचवला होता. ती कल्पना शहराला प्रथम कोणी लावली, याबाबत एकमत नाही. शिकागोचे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क व अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२० च्या दशकात वस्त्यांची स्थित्यंतरे सांगण्यासाठी ‘आक्रमण’, ‘अनुक्रमण’ (एका समूहाची जागा क्रमाने दुसऱ्याने घेणे) अशा वनस्पतिविज्ञानातील संज्ञा घेतल्या. मात्र त्यांच्या मांडणीत माती-पाण्याला फारसे स्थान नव्हते. त्या मानाने जीवशास्त्रज्ञ पॅट्रिक गेडिस (१९१९ पासून मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक) यांचा दावा बळकट दिसतो : शहरातील मैला वाहून टाकण्याऐवजी बागांच्या कामी आणावा, हा विचार त्यांच्या इंदूरच्या अहवालात (१९१८) आढळतो. मोजमापाचा पाया मात्र अमेरिकी अभियंते एबेल वोलमन यांचा. दहा लाख वस्तीच्या कल्पित अमेरिकी शहरात रोज ६,२५,००० टन पाणी, ९,५०० टन इंधन व २,००० टन अन्न येते आणि ५,००,००० टन सांडपाणी बाहेर पडते, असा हिशेब त्यांनी १९६५ मध्ये मांडला.

बाहेर पडणारे सांडपाणी पुन्हा उपयोगात आणून हे चक्र जुळवू पाहणाऱ्या आराखड्यांची वानवा नाही, पण प्रत्यक्ष चालणारे उदाहरण पूर्व कोलकात्याच्या पाणथळ प्रदेशाचे (सु. १२,५०० हेक्टर, २००२ पासून रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). कालव्यांतून आलेले सांडपाणी ‘भेडी’ नावाच्या उथळ तळ्यांत पसरते. उन्हाने जंतू मरतात, शैवले वाढून पाण्यात प्राणवायू सोडतात, प्लवकांवर (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांवर) मासे पोसतात आणि पुढे तेच पाणी भाताला मिळते. लाटांनी बांध खचू नयेत म्हणून काठाशी जलपर्णी राखतात. एरवी ही वनस्पती उपद्रवी समजली जाते. अभियंते ध्रुबज्योती घोष यांनी ही व्यवस्था जगापुढे आणली. ती घडवली मात्र तेथील मच्छीमार-शेतकऱ्यांनी.

चीनने २०१५ मध्ये पावसाचे पाणी स्पंजासारखे शोषून घेणाऱ्या ‘स्पंज शहरां’साठी पहिली १६ शहरे निवडली. शहरी क्षेत्राच्या २०% भागाने २०२० पर्यंत ७०% पावसाचे पाणी जिरवावे वा वापरावे, असे उद्दिष्ट होते.

मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिमी. पाऊस झाला. त्यानंतर मिठी नदी व खारफुटी हे विषय नगररचनेच्या चर्चेत ठळकपणे आले. राज्याच्या वनविभागात २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन (खारफुटी) कक्ष स्थापन झाला.