‘गिव्ह अप’ आणि ‘करून टाक’

लातूर-नांदेडकडच्या मुलांच्या वहीत ‘गिव्ह अप’ म्हणजे ‘सोडून देणे’ एवढंच लिहिलेलं असतं. मग बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा द्यायची किंवा कोडं सुटेना म्हणून हात टेकायचे, तरी इंग्रजीत ‘गिव्ह अप’च येतं आणि पाठांतर फसतं. ‘गिव्ह’ म्हणजे देणं, ‘अप’ म्हणजे वर. यातून ‘सोडणं’ कुठून आलं?

नीट पाहिलं तर या साऱ्या अर्थांत आपल्याजवळचं काहीतरी पुरतं सुटतं: सवय, जागा, आशा. ‘अप’ इथं दिशा दाखवत नाही, क्रिया शेवटाला नेतो. ‘ईट अप’, ‘यूज अप’मध्येही तेच. संस्कृतात अर्थ असा वळवायचं काम उपसर्ग करायचे. ‘दा’ म्हणजे देणं, पण आधी ‘आ’ लागला की आदान, म्हणजे चक्क घेणं! जुन्या इंग्रजीतही उपसर्गांचा असा राबता होता. पुढं तो ओसरला आणि ‘अप’, ‘आउट’, ‘ऑफ’ क्रियापदानंतर येऊ लागले.

मराठीनं हे काम दुसऱ्या क्रियापदावर सोपवलं. पाऊस यायच्या आत ज्वारीची ‘रास करून टाकली’ म्हटलं की काम एकदाचं उरकलं. भावकीनं ‘करून दिली’, तर फायदा दुसऱ्याचा. ‘काय करायलास रे?’ विचारणारी आजी ‘आधी जेवून घे’ म्हणते, ते जेवणाऱ्याच्याच भल्यासाठी. ‘भांडण करून बसला’ यात पस्तावा आहे, बसणं कुठंच नाही. क्रियापदाचा मूळ अर्थ झिजतो आणि ते व्याकरणाचं अवजार बनतं. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ आंत्वान मेये यांनी १९१२ मध्ये या प्रक्रियेला नाव दिलं. आपण तिला व्याकरणीकरण म्हणतो.

ही झीज घरबसल्या तपासता येते. ‘कचरा टाकला नाही’ हे वाक्य सरळ आहे. ‘रास करून टाकली नाही’ मात्र कानाला खटकतं, आपण ‘रास केली नाही’ म्हणतो. जे झालंच नाही, ते उरकलं कसं म्हणणार? शाळेत व्याकरण असं कानानं शिकवलं, तर मुलांना ते आपलं वाटेल, असं मला मनापासून वाटतं.

आता देगलूरच्या पलीकडं जाऊ. तेलुगूत ‘करून टाक’ला ‘चेसेय्’ म्हणतात, म्हणजे ‘चेसि’ (करून) आणि ‘वेय्’ (टाक). उमरग्याच्या पलीकडं कन्नडमध्ये ‘माडिबिडु’, त्यातला ‘बिडु’ म्हणजे सोड. कुळं वेगळी, घडण मात्र तीच. वेगळ्या कुळांच्या भाषाही शेजारानं सारख्या वळणाच्या होतात, हे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारताबद्दल मांडलं. भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मासिका यांनी १९७६ च्या अभ्यासात संयुक्त क्रियापदांचा, म्हणजे ‘करून टाक’सारख्या जोड्यांचा, पसारा नकाशावर दाखवला. मराठवाडा या शेजाराच्या थेट वेशीवर आहे.

वापरताना एवढं पाहावं: ‘गिव्ह अप’नंतर ‘स्मोकिंग’ चालतं, ‘टू स्मोक’ नाही. नाम ‘अप’च्या आधी येतं, नंतरही येतं. सर्वनाम मात्र मधेच हवं: ‘गिव्ह इट अप’. पोलिसांना शरण आलेला चोर ‘गेव्ह हिमसेल्फ अप’. आपल्या जोडीतही फट आहे, पण तिथं ‘च’, ‘ही’, ‘सुद्धा’ असे चिमुकले शब्दच सहज शिरतात: ‘सोडूनच दिलं’, ‘करूनसुद्धा टाकलं’.