पाच वाजताचं ऊन कुठवर येतं?

२५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे मानले जाणारे नऊ दिवस, सुरू होतो. त्याच सुमारास, २६ मेला, बारा वाजून काही मिनिटांनी नागपुरात सरळ उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. शहर २१.१५ उत्तर अक्षांशावर आहे आणि त्या दिवशी सूर्यही आकाशात तेवढाच उत्तरेला सरकलेला असतो. जुलैच्या मध्यात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. पहिल्या वेळी शाळांना सुट्टी, दुसऱ्या वेळी ढग. मुलांच्या नशिबात शून्य सावली नाहीच.

पण इमारतीला छळतं ते हे बाराचं ऊन नव्हे. ते सगळं छतावर पडतं, भिंतींना जेमतेम शिवतं. दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा असला की काम भागतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य ४५ अंशांवर उतरतो, तेव्हा त्याच छज्जाखालून हवंहवंसं ऊन आत येतं. खरी पंचाईत पश्चिमेला आहे. मेअखेरीस संध्याकाळी पाचला सूर्य क्षितिजापासून फक्त २३ अंश वर असतो. पश्चिमेच्या चार फूट उंच खिडकीवर दोन फुटांचा छज्जा काढला, तर तेव्हा सावली मिळते दहा इंच. पूर्ण खिडकी झाकायची तर छज्जा नऊ फुटांचा हवा. एवढा छज्जा कोण काढणार? म्हणून पश्चिमेला आडव्या छज्जापेक्षा उभा आडोसा लागतो: जाळी, पडदा, नाही तर झाड. झाड कडुनिंबाचं. साग कितीही आपला असला तरी ऐन उन्हाळ्यात तो बोडका असतो.

माझ्या एका मित्राचं साड्यांचं दुकान आहे, तोंड पश्चिमेला. मागे त्याने ते नवं केलं: चकचकीत एसीपीचा (अ‍ॅल्युमिनियमचे पातळ पत्रे चिकटवलेल्या पॅनेलचा) दर्शनी भाग आणि खाली-वर सगळी काच. ‘मोठ्या शहरातल्या दुकानासारखं दिसलं पाहिजे,’ हा हट्ट. आता दिवसा बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे काच आरशासारखी वागते. गिऱ्हाइकाला साड्यांऐवजी रस्त्यावरच्या गाड्या दिसतात. काच दृश्य प्रकाश आणि अतिनील किरणांचा बराचसा भाग आत सोडते, म्हणून मांडलेल्या साड्या विटतात. आतून पडदे लावून पाहिले. पण पडद्यावर पडलेलं ऊन पडद्यालाच तापवतं, तापलेला पडदा लांब लहरींची उष्णता फेकतो आणि ती काचेतून आरपार जात नाही. ऊन अडवायचं तर काचेच्या बाहेरच. शेवटी मार्चमध्येच त्याने दर्शनी भागावर हिरवी जाळी ताणली, उन्हाळ्यात सिग्नलवर लावतात तसली. पाटी, काच, एसीपी, सगळं जाळीआड गेलं. ज्या चेहऱ्यासाठी एवढा खर्च केला तो वर्षातले चार महिने कुणाला दिसत नाही.

त्याच दुकानात कूलरही चालेना. हा भाग मला फार आवडतो, कारण नागपूरचा उन्हाळा आणि कूलर यांचं गणित जुळलेलं आहे. तापमान ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या कापडात गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. वाळ्याच्या ताट्यांतून जाणारी हवा तिथवर पोचत नाही, पण २७-२८ पर्यंत येते. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे ०.६७ युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. मात्र हवा आत आली तर तेवढीच बाहेरही जायला हवी. झरोके नसलेल्या बंद काचेच्या खोलीत कूलर थोड्या वेळात नुसता दमटपणा वाढवतो. मग एसी आला, आणि त्याच्यामागून बिल. पावसाळ्यात हवाच ओली असते, तेव्हा कूलरचा तसाही उपयोग नसतो. तेव्हा लागतो आरपार वारा. म्हणजे इथल्या इमारतीला वर्षात दोन वेगळे स्वभाव सांभाळावे लागतात.

नागपूरच्या जुन्या बाजारपेठेतली, इतवारीतली, जुनी दुकानं बघा. ओटा, ओट्यावर पुढे आलेला वरचा मजला, आत मागे सरकलेली गादी. गल्ली अरुंद, त्यामुळे समोरासमोरच्या इमारती एकमेकींना सावली देतात. गिऱ्हाईक सावलीत टेकतं आणि तिथूनच माल बघतं. सावलीची ही सोय करता करताच इतवारीचा चेहरा घडला.

शाळेचं गणित मात्र उलटं आहे, आणि इथे नकाशे काढणारेही चुकतात. दुकान गजबजतं संध्याकाळी. विदर्भातल्या शाळा उन्हाळ्यात सकाळच्या होतात, म्हणजे एप्रिलमध्ये मुलं वर्गात असताना तिरपं ऊन पूर्वेकडून येतं. सूर्य एकच, पण दुकानाने पश्चिमेला पाठ फिरवावी आणि शाळेने पूर्व-पश्चिम दोन्हीकडे. वर्गांची ओळ पूर्व-पश्चिम लांब, खिडक्या उत्तर-दक्षिण, दक्षिणेला व्हरांडा, टोकाच्या भिंती बंद. दोन्ही बाजूंनी उजेड आला की फळ्यावर चकाकी कमी पडते आणि मागच्या बाकालाही वाचता येतं.

आणि छत. टिनाचं छत काही मिनिटांत तापतं आणि थेट मुलांच्या डोक्यांवर उष्णता फेकतं. पावसाळ्यात त्याच टिनावर सरी कोसळल्या की बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. जुन्या कवेलूंच्या, म्हणजे मातीच्या कौलांच्या, छतात फटींतून गरम हवा निसटायची. वानरं कवेलू फोडायची, दरवर्षी ते फेरावे, म्हणजे नव्याने रचावे लागायचे, हेही खरं. आज तेच साधायचं तर टिनाखाली हवेची पोकळी ठेवून आतून दुसरं छत घालावं, वरून चुन्याचा पांढरा हात द्यावा. शाळेच्या भिंतीवर संत्रं काढायला माझी ना नाही, पण आधी वर चुना.

मित्राला मी काच पाच फूट मागे घेऊन पुढे ओटा काढायला सुचवलं, बाहेरच्या कडेला वाळ्याचा पडदा. संध्याकाळी पडद्यावर पाणी मारलं की वास रस्त्यापर्यंत जाईल, पाटीची गरजही उरणार नाही. त्याला पटलंय. सध्या तो त्या पाच फुटांचं भाडं मोजतोय.