बालसंरक्षणाच्या कामासाठी समाजकार्याच्या विद्यार्थ्यांची तयारी

समाजकार्याचा विद्यार्थी बालसंरक्षणाच्या कामात उतरायच्या आधी त्याला वर्गात जे शिकवतात, फील्डवर्कमध्ये जे करून घेतात आणि पर्यवेक्षक त्याच्याकडून जे घोटून घेतात त्या सगळ्याला मिळून ही तयारी म्हणतात. बालसंरक्षण म्हणजे मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि दुर्लक्ष यांपासून मुलाला वाचवणं. धोका आहे का ते ओळखायचं, कुटुंबाला सावरायला मदत करायची, आणि काहीच इलाज उरला नाही तर मुलाला काही काळ किंवा कायमचं दुसरीकडे ठेवायचं, हे सगळं यात येतं. समाजकार्यातलं बाकीचं बरंचसं काम लोकांच्या मर्जीने चालतं, इथे मात्र अनेकदा कुणी बोलावलेलं नसताना दार वाजवावं लागतं आणि आत गेल्यावर मदत करणारा आणि चौकशी करणारा अशा दोन्ही भूमिका एकाच माणसाने निभवायच्या असतात. हीच ओढाताण विद्यार्थ्याला सगळ्यात जड जाते.

जगात बहुतेक ठिकाणी समाजकार्याची पदवी सर्वसाधारण असते, म्हणजे तोच विद्यार्थी उद्या दवाखान्यात, वस्तीत, तुरुंगात किंवा वृद्धांसोबत काम करू शकेल असा अभ्यासक्रम. बालसंरक्षण त्यात एखाद्या पेपरात येतं. हे पुरत नाही म्हणून वेगळ्या वाटाही निघाल्या. अमेरिकेत १९८० च्या कायद्याने सामाजिक सुरक्षा कायद्यात टायटल फोर-ई हा भाग आला, त्यातल्या निधीतून विद्यार्थ्यांना स्टायपेंड मिळतो आणि बदल्यात त्यांनी शिक्षण झाल्यावर ठरावीक काळ सरकारी बालकल्याण यंत्रणेत काम करायचं असतं. इंग्लंडमध्ये २०१३ मध्ये फ्रंटलाइन नावाचा कार्यक्रम सुरू झाला, त्यात पदवीधरांना थोड्या काळात थेट मुलं आणि कुटुंबांसोबतच्या कामासाठी तयार करतात. अशा झटपट कोर्सवर टीकाही झाली आणि ती अगदीच चुकीची म्हणता येत नाही, कारण गरिबी, वंश, राज्यसंस्था हे समजायला वेळ लागतो. पण हेही खरं की चार वर्षं सिद्धांत शिकून घाबरलेल्या मुलाशी एकदाही न बोललेला पदवीधर मुलाच्या फारसा उपयोगी नसतो.

तयारीतला सोपा भाग म्हणजे माहिती. १९६२ मध्ये अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ हेन्री केंप आणि सहकाऱ्यांनी मार खाल्लेल्या मुलांच्या दुखापतींवर जो लेख लिहिला त्यानंतर डॉक्टर आणि सरकारं जागी झाली, १९६७ पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत संशय आला तर कळवण्याचे कायदे झाले. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार २० नोव्हेंबर १९८९ चा, त्यातलं कलम ३ मुलाच्या हिताचं, कलम १२ मुलाचं म्हणणं ऐकण्याचं आणि कलम १९ हिंसेपासून संरक्षणाचं, ही तीन तरी तोंडपाठ असावीत. आपल्या देशात कळवणं कुणावर बंधनकारक आहे, कुणाला कळवायचं, मुलाला घरातून हलवायचा अधिकार कुणाचा, हे परीक्षेपुरतं नाही तर रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे.

शरीरावरच्या खुणांबद्दल थोडं वैद्यकीय ज्ञानही लागतं. जे बाळ अजून रांगत नाही, धरून उभं राहत नाही त्याच्या अंगावर काळानिळा वण दिसणं ही धोक्याची खूण, कारण हालचालच नाही तर आपटणार कुठे. चार वर्षांच्या आतल्या मुलाला धडावर, कानावर किंवा मानेवर वण, किंवा चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला कुठेही वण असेल तर डॉक्टरांकडून तपासणी हवीच. उलट धावत्या मुलाच्या नडगीवर आणि गुडघ्यावर वण असतातच, त्यावरून आईबापांवर संशय घ्यायचा नाही. आणि वणाच्या रंगावरून तो किती दिवसांचा आहे ते खात्रीने सांगता येत नाही, हे विद्यार्थ्याला मुद्दाम सांगावं लागतं कारण तो समज फार पसरलेला आहे.

खरी तयारी इथून पुढे सुरू होते, आणि माझ्या मते ती एकाच गोष्टीभोवती फिरते, मोठ्या माणसांनी भरलेल्या खोलीत मूल दिसत राहणं. ऐकायला हे फारच साधं वाटतं. पण लंडनमध्ये २००० साली आठ वर्षांची एक मुलगी तिला सांभाळणारी नातेवाईक बाई आणि त्या बाईचा जोडीदार यांच्या छळाने गेली, त्यावरचा लॉर्ड लेमिंग यांचा चौकशी अहवाल २००३ मध्ये आला आणि त्यात १०८ शिफारशी होत्या, आणि तिला वाचवता आलं असतं असे किमान १२ प्रसंग यंत्रणांच्या हातून निसटले असं त्यात म्हटलंय. समाजसेवा, पोलीस, दवाखाने सगळ्यांचा तिच्याशी संबंध आलेला होता. बोलणं व्हायचं ते मोठ्यांशी, मूल बाजूला राहायचं.

म्हणून चांगल्या कोर्समध्ये गृहभेटीची रंगीत तालीम घेतात, बऱ्याचदा नटनट्यांना पालक करून. समजा दार उघडणारी बाई हसतमुख आहे, या या म्हणते, पाणी देते, टीव्ही मोठ्याने चालू आहे, घर झाडून पुसून लख्ख, आणि बाळ आत्ताच झोपलंय हो, उठवू नका असं ती म्हणते. विद्यार्थिनी वीस मिनिटं बसते, दोन वेळा ‘काही अडचण नाही ना’ विचारते, बाहेर येऊन सांगते की घर नीट आहे, आई सहकार्य करते. मग मार्गदर्शक विचारतात, बाळाचे हात उघडे पाहिलेस का, ते कुठे झोपलं होतं, अंथरूण ओलं होतं का, आई खोलीत आल्यावर ते तिच्याकडे वळलं की आकसलं? एकाचंही उत्तर तिच्याकडे नसतं. टीव्ही बंद करायला सांगणं, झोपलेलं बाळ तरी बघू द्या असं म्हणणं, कुणाच्या घरात बसून त्याच्याच तोंडावर नको असलेला प्रश्न विचारणं, हे सभ्य घरात वाढलेल्या माणसाला अंगावर येतं, आणि पुस्तकातून ते येत नाही. दुसऱ्यांदा तोच प्रसंग केला की ती म्हणते, ‘ताई, झोपू दे त्याला, पण मला त्याला बघितल्याशिवाय जाता येणार नाही, आपण दोघी मिळून बघू.’ आवाज थोडा कापतो, पण वाक्य पूर्ण होतं.

वरवर हो हो करणाऱ्या पालकांबद्दल वेगळं शिकवतात. भेट ठरली की घर आवरायचं, मीटिंगला यायचं, गोड बोलायचं, पण मुलाच्या आयुष्यात फरक शून्य. कार्यकर्त्यालाही चांगलंच घडतंय असं मानावंसं वाटतं, कारण उलट मानलं तर पुढचं सगळं अवघड असतं. एकदा मत बनलं की त्याला पटणाऱ्याच गोष्टी डोळ्यांना दिसतात, म्हणून ‘माझा अंदाज चुकीचा असेल तर मला काय दिसायला हवं’ हा प्रश्न सवयीचा करून घ्यावा लागतो.

मुलाशी बोलणं हा तर स्वतंत्र विषय. ‘बाबांनी मारलं का’ असं विचारलं की मूल मोठ्यांना हवं ते उत्तर देऊ शकतं आणि नंतर कोर्टात सगळंच ढासळतं. ‘काय झालं ते पहिल्यापासून सांग’, ‘मग काय झालं’, ‘त्याबद्दल अजून सांग’ असे मोकळे प्रश्न हवेत. आधी शाळेबद्दल, खेळाबद्दल बोलून मुलाला सांगायची सवय होऊ द्यायची, ‘माहीत नाही’ म्हटलं तरी चालतं हे त्याला सांगायचं. आणि ‘मी कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीच द्यायचं नाही, कारण सांगावं लागणारच असतं आणि मग मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा तुटतो. सविस्तर जबाब घेणं हे खास प्रशिक्षण घेतलेल्यांचं काम, विद्यार्थ्याने ऐकायचं, जसंच्या तसं लिहायचं आणि कळवायचं. अशा मुलाखतींच्या प्रशिक्षणावर मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी जे काम केलं त्यातून एक गोष्ट पक्की झाली की एकदाच कार्यशाळा करून लोक सुधारत नाहीत, नियमित कुणीतरी त्यांच्या मुलाखती तपासून चूक दाखवत राहिलं तरच सुधारणा टिकते.

लिहिणं हेही हत्यारच आहे. ‘आई बेफिकीर वाटली’ हे मत झालं. ‘सकाळी ११ वाजता गेलो तेव्हा बाळ ओल्या दुपट्यावर होतं, वीस मिनिटं रडत होतं, आई शेजारच्या खोलीत होती, उठली नाही’ ही नोंद झाली, आणि ती वाचून पुढचा माणूस स्वतःचं मत बनवू शकतो, कदाचित आई आजारी असेल अशी शंकाही घेऊ शकतो. फील्डवर्कमधलं प्रोसेस रेकॉर्डिंग, म्हणजे भेटीत काय घडलं, कोण काय बोललं ते क्रमाने लिहून काढणं, विद्यार्थ्यांना कंटाळवाणं वाटतं पण बघितलेलं आणि वाटलेलं वेगळं करायची सवय त्यातूनच लागते.

गरिबी आणि दुर्लक्ष यांची गल्लत हा या क्षेत्रातला जुना दोष. घरात धान्य नाही याचा अर्थ प्रेम नाही असा होत नाही, तिथे मूल हलवण्याऐवजी धान्य पोचवावं लागतं. आणि विद्यार्थ्याला हेही कळलं पाहिजे की संरक्षणाच्या नावाखाली भयानक अन्यायही झालेत. ऑस्ट्रेलियात विसाव्या शतकात कितीतरी दशकं आदिवासी मुलं आईबापांपासून तोडली गेली, तिथल्या सरकारने १३ फेब्रुवारी २००८ ला संसदेत माफी मागितली. अमेरिकेत मूळनिवासी मुलांना घरातून काढण्याचं प्रमाण फार झालं म्हणून १९७८ मध्ये वेगळा कायदा करावा लागला. मूल तिथेच राहू देणं जसं जीवघेणं ठरू शकतं तसं मूल उचलून नेणंही त्याचं आयुष्य मोडू शकतं, आणि या दोन्ही चुकांचं ओझं डोक्यात ठेवून निर्णय घ्यायचा असतो.

या कामाचा मनावर परिणाम होतो, झोप उडते, स्वतःच्या घरातली लहान मुलं बघून भीती वाटते. वर्गात अशीही कुणी असतेच जिच्या बालपणी हे घडलेलं असतं, आणि लेक्चर ऐकताना ती गप्प होते. अशा विद्यार्थ्याला या कामातून बाजूला काढायचं नसतं, पण आधार कुठे मिळेल हे पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून ठेवायचं असतं. इंडिव्हिज्युअल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे पर्यवेक्षक आणि विद्यार्थी या दोघांच्याच खाजगी बैठकीत, केसइतकाच विद्यार्थ्याच्या मनाचाही विचार व्हावा लागतो, ‘तुला त्या घरात कशाची भीती वाटली’ हा प्रश्न विचारणारा पर्यवेक्षक मिळाला तर विद्यार्थ्याला पुढच्या भेटीत ती भीती ओळखता येते, नाहीतर ती भीतीच ठरवते की कुठल्या खोलीत जायचं नाही.

इंग्लंडमधल्या व्यवस्थेचा आढावा घेताना प्राध्यापक एलीन मनरो यांनी २०११ च्या अहवालात म्हटलं की नियम आणि फॉर्म इतके वाढलेत की कामातली समज आणि मुलासोबतचा वेळ दोन्ही मागे पडलेत. पदवी हातात आली म्हणजे तयारी संपली असं धरून पहिल्याच आठवड्यात अवघड केसेसचा गठ्ठा नवख्याच्या टेबलावर ठेवणं अनेक ठिकाणी अजून चालतं. इंग्लंडमध्ये २०१२ पासून नोकरीचं पहिलं वर्ष मदतीचं आणि मूल्यमापनाचं मानण्याची पद्धत सुरू झाली, त्यात केसेस कमी, सुपरव्हिजन जास्त, आणि शिकायला राखून ठेवलेला वेळ. सुरुवातीच्या अवघड भेटींना अनुभवी सहकाऱ्याने सोबत जायचं, परतताना वाटेतच दोघांनी काय काय बघितलं ते एकमेकांना सांगायचं, आणि बाळाबद्दल दोघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी परत जायचं.