एका शब्दावर अडलेला कायदा: जपानमधील एलजीबीटी प्रश्नाची पार्श्वभूमी

जपानमध्ये समलिंगी संबंधांना पूर्वी मोकळीक होती, असं नेहमी सांगितलं जातं. एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) सामुराई आणि बौद्ध मठांमधला ‘नान्शोकु’, म्हणजे पुरुषांमधला प्रेमसंबंध, समाजमान्य होता हे खरं. पण ते नातं बहुधा प्रौढ पुरुष आणि किशोर यांच्यातलं होतं. त्याला आजच्या समानतेचं मूळ मानू नये. १८७३ साली पुरुषांमधला संबंध गुन्हा ठरला आणि १८८२ च्या नव्या दंडसंहितेत ते कलम गेलं. तेव्हापासून कायद्याने शिक्षा नाही. पुढे हीच गोष्ट ढालीसारखी वापरली गेली: शिक्षाच नाही, तर भेदभाव कसला?

भेदभाव होता. १९९० साली टोकियोतल्या एका सार्वजनिक युवा निवासात उतरलेल्या समलिंगी तरुणांच्या गटाला इतरांनी हिणवलं. त्यांनी तक्रार केली, तर प्रशासनाने त्यांनाच पुढची परवानगी नाकारली. तरुण कोर्टात गेले. १९९४ मध्ये जिंकले आणि १९९७ मध्ये अपिलातही. अल्पसंख्यांबद्दल अनभिज्ञ राहणं सार्वजनिक यंत्रणेला शोभत नाही, असा त्या निकालाचा रोख होता.

२०१५ पासून टोकियोच्या शिबुया आणि सेतागाया या प्रभागांनी समलिंगी जोडप्यांना त्यांच्या नात्याची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली. या समाजाबद्दल समज वाढवण्यासाठीचा राष्ट्रीय कायदा मात्र शब्दांवर अडला.

२०२१ च्या सर्वपक्षीय मसुद्यात ‘सेइजिनिन’ हा शब्द होता. त्याचा अर्थ स्वतःला जाणवणारी लिंगओळख. सत्ताधारी पक्षातल्या परंपरावाद्यांनी त्यातल्या ‘स्वतः’वर बोट ठेवलं. कुणीही उठून आपण स्त्री आहोत असं सांगेल आणि स्त्रियांच्या स्नानगृहात शिरेल, ही भीती पसरवली गेली. मसुदा बारगळला. २०२३ च्या मसुद्यात त्या जागी ‘सेइदोइत्सुसेइ’ आला. खरं तर दोन्ही शब्द ‘जेंडर आयडेंटिटी’ या एकाच इंग्रजी संज्ञेसाठी घडवलेले. पण दुसऱ्याला दवाखान्याचा वास आहे, कारण लिंगबदलाच्या नोंदीसाठीच्या २००३ च्या कायद्याच्या नावातच ‘सेइदोइत्सुसेइ शोगाइ’, म्हणजे लिंगओळखीचा विकार, असा उल्लेख आहे. ज्यांच्यासाठी कायदा, त्यांना पुन्हा रुग्ण ठरवणारा शब्द. शेवटी तडजोड झाली आणि इंग्रजी शब्दच काताकाना या परदेशी शब्दांसाठीच्या लिपीत जसाच्या तसा घातला गेला.

याहून मला खुपतो तो दुसरा बदल. ‘भेदभाव खपवून घेतला जाणार नाही’ या वाक्याच्या जागी ‘अन्याय्य भेदभाव असता कामा नये’ आलं. मग न्याय्य भेदभाव कोणता? शिवाय सर्व नागरिकांना निर्धास्त जगता येईल याकडे लक्ष द्यावं, असं कलम जोडलं. जणू धोका या माणसांपासूनच आहे. १६ जून २०२३ रोजी मंजूर झालेल्या या कायद्यात भेदभावाला बंदी नाही, शिक्षा तर नाहीच. ‘समज वाढवणं’ एवढंच त्याचं उद्दिष्ट.

त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पंधराही न्यायाधीशांनी २००३ च्या कायद्यातली प्रजननक्षमता गमावण्याची अट घटनाबाह्य ठरवली. ही अट पाळायची म्हणजे बहुतेकांना शस्त्रक्रिया करावी लागे, आणि २०१९ मध्ये याच न्यायालयाने ती वैध मानली होती. विवाहाबाबत मार्च २०२१ मध्ये साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने पहिल्यांदा समलिंगी विवाहाला मान्यता न देणारी व्यवस्था घटनाविरोधी म्हटली. मार्च २०२५ पर्यंत पाच उच्च न्यायालयांनी तसाच कौल दिला.