नेमसर्व्हर बदलणं वेगळं आणि ए रेकॉर्ड बदलणं वेगळं
डोमेन म्हणजे नाव आणि होस्टिंग म्हणजे फाइली ठेवायची जागा, दोघांचं रिन्यूअल वेगळं, हे सपोर्टला बसणाऱ्या सगळ्यांना माहीत असतंय त्यामुळं त्यात वेळ घालवत नाही. साईटवर अचानक जाहिरातींचं पान दिसायला लागलं तर बहुतेक डोमेन एक्स्पायर झालेलं असतं, 'अकाउंट सस्पेंडेड' दिसलं तर नाव बरोबर जागी पोचतंय पण होस्टिंगवाल्यानं अकाउंट बंद ठेवलंय. संपला विषय.

खरा घोळ पुढं आहे, आणि तोच तोच घोळ बघून आता वैताग आलाय. गिऱ्हाईक म्हणतं "नवीन होस्टिंग घेतलंय, साईट तिकडं न्यायची" आणि आपली पोरं लगेच सांगतात, "डोमेनच्या पॅनलमध्ये जावा आणि हे दोन नेमसर्व्हर टाका." साईट चालू होती, तिकीट क्लोज, आणि दोन दिवसांनी त्याच माणसाचा फोन.

शिरोली एमआयडीसीतले एक फौंड्रीवाले साहेब असेच फोनवर आले. "साईट एकदम झक्कास दिसतीय हो, पण पुण्याची पार्टी म्हणतीय ड्रॉइंग मेल केलंय, आम्हाला काहीच नाही. दुसऱ्या एकाचा मेल मात्र आला." आधी ज्याच्याशी बोलले होते त्यानं सांगितलेलं, ब्राउझरची कॅश क्लिअर करा. मेल येत नाही आणि कॅश क्लिअर करा!

झालं काय होतं ते बघा. नेमसर्व्हर म्हणजे तुमच्या डोमेनचं दप्तर कुठल्या तलाठ्याकडं आहे ते, आणि ए रेकॉर्ड म्हणजे त्या दप्तरातली एक नोंद, की साईट अमुक आयपीवर, म्हणजे अमुक नंबरच्या सर्व्हरवर, आहे. ए रेकॉर्ड बदलला की तेवढी एकच ओळ बदलते, बाकी सगळं जाग्यावर. नेमसर्व्हर बदलला की दप्तरच दुसऱ्या चावडीत, आणि तिथलं दप्तर कोरं असतंय, त्यात होस्टिंगवाल्याच्या सॉफ्टवेअरनं आपल्या मनानं भरलेल्या चार ओळी. साहेबांचे मेल गुगलवर होते. जुन्या झोनमध्ये, म्हणजे जुन्या दप्तरात, एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरला द्यायचे ती नोंद) गुगलचे होते, आणि मेल खरंच ह्याच डोमेनकडून आलाय हे पटवणारे एसपीएफ होता, डीकेआयएम होता. नवीन झोनमध्ये एमएक्स होस्टिंगच्या सर्व्हरकडंच, आणि तिथं साहेबांचा मेलबॉक्स कुणी काढलेलाच नाही, मग पाठवणाऱ्याला मेल परत जातो नाहीतर तिथल्या डिफॉल्ट अकाउंटात पडून राहतो.

मग एकाचा मेल कसा आला? डॉट कॉमच्या नेमसर्व्हर नोंदीचा टीटीएल, म्हणजे एकदा घेतलेली माहिती किती वेळ जपून ठेवायची ती मुदत, १७२८०० सेकंद, म्हणजे ४८ तास. ज्याच्या रिझॉल्व्हरकडं (डोमेनच्या नोंदी शोधून देणाऱ्या सर्व्हरकडं) जुनी माहिती अजून आहे त्याचा मेल गुगलला पोचतो, बाकीच्यांचा नवीन सर्व्हरला. म्हणून "काही येत्यात काही नाही" असं गिऱ्हाईक म्हणालं तर त्याला येड्यात काढू नका, तो अगदी बरोबर सांगतोय. आणि "४८ तास थांबा, होईल" हे उत्तर तर इथं देऊच नका, कारण ४८ तासांनी उरलेले मेलपण बंद होणार!

माझं मत पक्कं आहे, फक्त साईट हलवायची असेल तर नेमसर्व्हरला हात लावायचा नाही. आदल्या दिवशी ए रेकॉर्डचा टीटीएल ३०० सेकंद करायचा, दुसऱ्या दिवशी आयपी बदलायचा, पाच-दहा मिनिटांत बहुतेक ठिकाणी नवीन साईट दिसते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूची नोंद वेगळी ए रेकॉर्ड असेल तर तीपण बदला, ती विसरली की अर्ध्या लोकांना जुनी साईट दिसत राहते. नेमसर्व्हर बदलणं भागच असेल तर आधी जुना सगळा झोन नवीन ठिकाणी ओळ न् ओळ उतरवून घ्या, मगच बदला.

नवख्या माणसाला ह्यातलं एमएक्स-बिमएक्स काही विचारू नका, तो घाबरतो आणि "तुम्हीच बघा काय ते" म्हणून पासवर्ड व्हॉट्सॲपवर पाठवून देतो. एवढंच विचारा, "साहेब, कंपनीचे मेल तुम्ही कुठं उघडता?" जीमेलसारखं दिसतंय म्हणाला, आउटलूक म्हणाला, काहीपण म्हणू दे, स्वतः एमएक्स तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट ए रेकॉर्डवाल्यांनीपण बघायची. मेल दुसरीकडं असताना सीपॅनलमध्ये (होस्टिंग सांभाळायच्या पॅनलमध्ये) ईमेल राऊटिंग 'लोकल', म्हणजे मेल ह्याच सर्व्हरवर ठेवायचे असं, राहिलं असेल तर बाहेरचे मेल नीट येतील, पण साईटवरच्या एन्क्वायरी फॉर्मचे मेल त्या सर्व्हरच्या बाहेरच पडणार नाहीत. ते 'रिमोट' करायचं.

साहेबांचा जुना झोन सुदैवानं अजून पुसला गेला नव्हता, पण आम्ही नेमसर्व्हर परत फिरवले नाहीत, त्यात अजून दोन दिवस गेले असते. जुन्या झोनमधले एमएक्स, एसपीएफ, डीकेआयएम नवीन झोनमध्ये टाकले, राऊटिंग रिमोट केलं, आणि मग नवीन सर्व्हरचं डिफॉल्ट अकाउंट वेबमेलमधून उघडून बघितलं. पुण्याचं ड्रॉइंग तिथंच पडलेलं होतं.