एक मिलिमीटरच्या कृमीला वास येईनासा होतो तेव्हा

कृमी म्हणे कॅन्सर हुंगतात, ही बातमी परत एकदा सगळीकडे फिरतेय. मूळ संशोधन झालेलं आहे, 2015 साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी मांडलं की सी. एलेगन्स नावाचे कृमी कॅन्सर रुग्णांच्या लघवीच्या थेंबाकडे सरकतात आणि निरोगी माणसांच्या लघवीपासून लांब जातात. पण त्यावरून "आता बायॉप्सीची गरज नाही" वगैरे जे लिहिलं जातं ते चुकीचं आहे आणि धोक्याचंही. कृमी थेंबाकडे वळला म्हणजे निदान झालं असं होत नाही, तेव्हा असले मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आणि मला हळहळ वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, की या गडबडीत खरी मजा राहूनच जाते: एवढ्याशा जिवाला वास कळतो कसा आणि थोड्या वेळाने तोच वास कळेनासा का होतो.

हा कृमी जेमतेम 1 मिलिमीटर लांब, काचेसारखा पारदर्शक, बॅक्टेरिया खाऊन जगणारा. जीवशास्त्रज्ञ सिडनी ब्रेनर यांनी 1960 च्या दशकात त्याला अभ्यासासाठी निवडलं आणि आज त्याच्या 302 चेतापेशींपैकी प्रत्येकीला नाव आहे. हवेतून येणारे वास ओळखायचं काम मुख्यतः या चेतापेशींच्या तीन जोड्या करतात, एडब्ल्यूए, एडब्ल्यूबी आणि एडब्ल्यूसी. पहिली आणि तिसरी जोडी कृमीला वासाकडे ओढते, मधली लांब पळवते. पेशीवर बसून वासाचा रेणू पकडणारी प्रथिनं म्हणजे रिसेप्टर, त्यांची जनुकं मात्र हजाराच्या वर, म्हणजे एकेका पेशीत कितीतरी रिसेप्टर दाटीवाटीने बसलेले.

या कृमीच्या वासावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ कॉर्नेलिया बार्गमन यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये एक प्रयोग केला. लोण्याला ज्याचा वास असतो त्या डायअ‍ॅसिटिलचा रिसेप्टर त्यांनी नेहमीच्या पेशीतून काढून एडब्ल्यूबीमध्ये बसवला. रिसेप्टर तोच, वास तोच, पण कृमी आता त्या वासापासून पळायला लागले! म्हणजे वास चांगला की वाईट हे वासात नसतंच, रिसेप्टर कुठल्या पेशीत बसलाय त्यावर ते ठरतं.

हे सगळं तपासायची पद्धत फार साधी आहे. आगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या बशीत एका कडेला वासाचा थेंब, समोरच्या कडेला नुसत्या अल्कोहोलचा, दोन्हीकडे थोडं सोडियम अझाइड हे रसायन, त्यामुळे पोचलेला कृमी तिथेच सुन्न होऊन पडतो, आणि मधोमध कृमी सोडायचे. तासाभराने बघितलं तर आगरवर नागमोडी रेघा उमटलेल्या असतात आणि वासाच्या थेंबापाशी गर्दी जमलेली असते, मग मोजत बसायचं.

आता एडब्ल्यूसीच्या आत डोकावूया. वासाचा रेणू रिसेप्टरला चिकटला की आतलं जी-प्रथिन, म्हणजे निरोप पुढे नेणारं प्रथिन, जागं होतं, आणि तिथून निरोप जातो सीजीएमपी नावाच्या छोट्या रेणूपर्यंत. सीजीएमपी असेल तर पेशीच्या पटलातली दारं उघडी राहतात, नसेल तर मिटतात. गंमत अशी की वास आला की ही पेशी गप्प होते आणि वास गेला की पेटून उठते, मग कृमी मागे वळून परत शोध सुरू करतो. आपल्या डोळ्यातल्या प्रकाश ओळखणाऱ्या पेशी पण अशाच, अंधारात चालू आणि उजेडात शांत.

शिवाय रॅस आणि मॅप कायनेज ही पेशीत निरोप पुढे नेणाऱ्या प्रथिनांची जोडगोळी आहे, कॅन्सरच्या संदर्भात रॅसचं नाव अनेकांनी ऐकलं असेल. 2000 साली दिसलं की वास आल्यावर काही सेकंदांतच ही साखळी वासाच्या पेशीत चालू होते, आणि रॅस बिघडवलं तरी कृमी नीट पोचत नाही आणि सतत चालू ठेवलं तरी पोचत नाही.

पण माझा जीव अडकलाय तो ईजीएल-4 मध्ये. हे एक कायनेज, म्हणजे दुसऱ्या प्रथिनांना फॉस्फेटचा तुकडा चिकटवणारं प्रथिन. सवयीचा वास आपल्याला जाणवेनासा झाला की आपण म्हणतो नाक थकलं, पण इथे थकण्याचा काही संबंध नाही, पेशी ठरवून दुर्लक्ष करते आणि ते सुद्धा त्या एकाच वासाकडे, त्याच पेशीला कळणारे दुसरे वास अजून येत असतात. कृमीला अर्धा तास वासात ठेवलं तर ईजीएल-4 त्या पटलावरच्या दारांपैकी एका प्रथिनावर फॉस्फेट लावतं, आणि हा परिणाम लवकर ओसरतो. पण तासापेक्षा जास्त वेळ ठेवलं तर ईजीएल-4 पेशीद्रवातून उठून थेट केंद्रकात शिरतं! त्याला हिरवं चमकणारं प्रथिन जोडून ठेवलं की जिवंत कृमीत, मायक्रोस्कोपखाली, हा प्रवास डोळ्यांनी दिसतो, आधी पेशीभर पसरलेला हिरवा रंग नंतर एका ठिपक्यात गोळा झालेला. ब्युटेनोन नावाच्या रसायनाचा वास दोन एडब्ल्यूसी पेशींपैकी एकीलाच कळतो, आणि ईजीएल-4 सुद्धा त्या एकीच्याच केंद्रकात जातं.

केंद्रकात जाऊन करतं काय? 2013 मध्ये याचा एक धागा हाती लागला. पेशीतले छोटे आरएनए, म्हणजे डीएनएसारखेच पण छोटे रेणू, आणि त्यांच्यासोबत डीएनए घट्ट गुंडाळणारं एक प्रथिन, मिळून ओडीआर-1 या जनुकाचा आवाज कमी करतात. ओडीआर-1 म्हणजे सीजीएमपी बनवणारं एन्झाइम, म्हणजे बघा, दारं उघडी ठेवणारा रेणू जिथे तयार होतो तिथेच हात घातला जातो.

आणि 2010 चा तो प्रयोग मी कितीदा वाचला असेन, ज्यात ईजीएल-4 मुद्दाम केंद्रकात पाठवलेले कृमी तयार केले होते. या कृमींना आधी वासात ठेवलेलंच नव्हतं. तरी बशीत सोडल्यावर ते असे फिरले जणू तासभर त्या वासात बसून आलेत, थेंबाची ओढ त्यांना उरलीच नव्हती.